मागचे पाय गेलेल्या सशाचं बूड सतत ओलं राहतं: आधी ओल कुठली ते शोधा

तक्रार दिसायला साधी आहे. सकाळी कोरडा करून ठेवलेला ससा दुपारी पुन्हा ओला. धुवायचं, पुसायचं, मलम लावायचं. चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी मांडीच्या आतली कातडी परत लालभडक, केस झडलेले, बोट लावलं की ससा अंग चोरतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आमच्या काजूला हे पाच वेळा झालं. पाचही वेळा मी एकच उपाय केला, आणि तो उपायच पुढच्या दुखण्याचं मूळ होता हे कळेपर्यंत चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली होती.

काजू सहा वर्षांचा, 1.8 किलो वजनाचा, तपकिरी ससा. शिगम्याच्या दिवसांत एका सकाळी तो मागचं शरीर ओढत पडवीत आला. त्याआधी आठवडाभर उड्या मारताना अडखळत होता, पण ते आम्ही वयावर ढकललं होतं. फोंड्यातून पणजीला त्याला टोपलीत घालून नेलं. टॉवेलची जाड चुंबळ करून त्यात त्याला बसवला होता, नाहीतर प्रत्येक वळणाला तो कुशीवर आडवा होत होता. (ही चुंबळ पुढे घरातही रोज लागली, म्हणून सांगून ठेवते.)

डॉक्टरांनी आधी एक्स-रे काढला. सशाची हाडं हलकी आणि मागच्या पायांचे स्नायू दांडगे. घाबरून किंवा चुकीचं उचलल्यामुळे त्याने जोरात लाथ झाडली तर स्वतःचाच कणा कमरेत मोडू शकतो. तसं काही नव्हतं. म्हातारपणी मणक्यांना जी वाढ होते तीही फारशी नव्हती. मग रक्त तपासलं आणि एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युलाय या परजीवीविरुद्धच्या प्रतिपिंडांची पातळी बरीच वर निघाली. सशांच्या या पक्षाघाताची नोंद 1922 पासून आहे. या परजीवीचे बीजाणू आजारी सशाच्या लघवीतून बाहेर पडतात, दुसऱ्याच्या खाण्यातून पोटात जातात आणि मूत्रपिंड व मेंदूत ठाण मांडतात. कुणाची मान वाकडी होते, कुणाच्या डोळ्यात बिघाड होतो, कुणाचे मागचे पाय जातात आणि लघवीवरचा ताबा सुटतो. प्रतिपिंडं सापडली म्हणजे हाच आजार, असं मात्र म्हणता येत नाही. कधीकाळी या परजीवीशी संबंध आला होता एवढंच त्यावरून कळतं, आणि धडधाकट सशांतही ती सापडतात. म्हणून एक्स-रे, लक्षणं आणि रक्त, तिन्ही एकत्र धरून निदान करतात.

औषध फेनबेन्डाझोल, किलोमागे 20 मिलिग्रॅम, रोज एकदा, 28 दिवस. काजूला दिवसाला 36 मिलिग्रॅम पडायचं. जोडीला वेदना आणि सूज कमी करणारं औषध. बरं वाटतंय म्हणून 28 दिवसांच्या आधी थांबायचं नसतं, आणि अजून पाय आले नाहीत म्हणून आपल्या मनाने पुढेही चालू ठेवायचं नसतं. जास्त मात्रेने अस्थिमज्जेवर परिणाम होतो. आजार तिथे थांबला. भूक टिकली, पुढचे पाय खणखणीत राहिले. मागच्या पायांत थोडा जोर आला, पण अंग उचलून धरण्याइतका नाही. तेव्हापासून आमच्या घरात खरी लढाई ओलीशी आहे.

न्हाणं बंद केलं तेव्हा

बूड ओलं आणि वास येतोय म्हटल्यावर कुणीही जे करील ते मी केलं. कोमट पाण्याच्या परातीत बसवून धुवायचं, टॉवेलने टिपायचं. शेजारच्या काकी दारातून बघायच्या आणि म्हणायच्या, "ताका बरें न्हाणय गो!" मीही बरं न्हाणत होते. कधी दिवसातून दोनदा.

सशाच्या अंगावरची आतली लव इतकी दाट असते की वरचे केस सुकले तरी मुळाशी ओल तासन्‌तास राहते. त्यात गोव्यातला जुलै. वाळत घातलेला पंचा तिसऱ्या दिवशीही दमट लागतो, तिथे सशाची मांडी कुठली सुकायला? म्हणजे मी लघवीची ओल काढून पाण्याची ओल घालत होते, आणि त्या मऊ पडलेल्या कातडीवर पुढची लघवी जास्तच चावत होती.

आता नियम असा. पाणी लावायचं ते फक्त चिकटलेली घाण निघत नसेल तर, तेवढ्याच जागेला, आणि पाणी लावलं की सुकवेपर्यंत उठायचं नाही. आमच्याकडे त्याला पाऊण तास जातो. हेअर ड्रायर लागतो, पण अगदी कमी उष्णतेवर, हातभर लांबून आणि आपला हात मध्ये धरून, म्हणजे आपल्याला चटका बसायच्या आत थांबता येतं. सशाला घाम येत नाही, गरमी लवकर बाधते. रोजच्या सफाईला पाण्याऐवजी कॉर्नफ्लॉर वापरते. चिमूटभर केसांत मुळापर्यंत चोळायचं, गुठळी सुटली की बारीक कंगव्याने काढायचं, उरलेलं झटकायचं. पीठ त्याच्या नाकाकडे उडू द्यायचं नाही. बाळांची टाल्कम पावडर नको, ती श्वासात गेली तर बाधते. कातडी फाटलेली किंवा चिघळलेली असेल तर कॉर्नफ्लॉरही नको, तिथे डॉक्टरांनी दिलेलं मलमच. स्टेरॉइड असलेलं घरातलं मलम लावू नका, सशांना स्टेरॉइड सोसत नाही. हळद-खोबरेल सुचवणारे पुष्कळ भेटतील. तेलाने केसांच्या गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्यांत सगळं अडकून बसतं, हे मी करून पाहिलंय.

बुडाचे आणि मांडीच्या आतले केस लहान ट्रिमरने बारीक करून घेतले, हे सगळ्यांत फायद्याचं ठरलं. कात्री वापरू नका. सशाची कातडी कागदासारखी पातळ असते, ओढली की केसाबरोबर वर येते आणि कात्रीत सापडते. आणि पायांच्या तळव्यांचे केस काढायचे नाहीत. तळव्याला गादी नसते, केस हीच त्याची गादी.

लंगोट आम्ही दोन दिवस बांधला. कोरड्या हवेच्या गावात कदाचित चालेल. आमच्या हवेत आतली कातडी शिजल्यासारखी झाली.

पंच्याची परीक्षा

न्हाणं बंद केल्यावरही ओल येतच होती, पण आता निदान ती कुठून येते हे दिसायला लागलं. तीन दिवस मी काजूखाली जुना पांढरा सुती पंचा घातला आणि दर तीन-चार तासांनी बदलला. बदलताना डाग बघायचा, वास घ्यायचा आणि काजूचा कुठला भाग ओला आहे ते वहीत लिहायचं. नवऱ्याने या वहीची यथेच्छ थट्टा केली, पण डॉक्टरांनी तीच आधी मागितली.

पहिल्या दिवशी दुपारच्या पंच्यावर पिवळट गोल डाग होता, ताटलीएवढा. वाळल्यावर त्याच्या कडेला पांढरी पूड उरली. बोटाने चोळली तर रांगोळीसारखी कचकचली. तोवर लघवी म्हणजे लघवी, यापलीकडे मी विचारच केला नव्हता. डाग काय सांगतो ते आता एकेक करून सांगते.

पोट आणि मांड्यांची आतली बाजू भिजलेली, डाग मोठा आणि साधा: ससा लघवी करतो आहे, पण उचलून लांब करू शकत नाही. धडधाकट ससा बूड वर करून मागे सोडतो. पाय गेलेला ससा स्वतःच्या पोटाखालीच सोडतो. इथे दोष अंथरुणाचा आणि बसण्याच्या कोनाचा. चुंबळ मागच्या भागाखाली अशी द्यायची की बूड जमिनीपासून दोन बोटं वर राहील आणि पोटाखाली पोकळी राहील.

डाग लहान लहान, सतत, आणि उचललं की थेंब गळतात: मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, भरून वाहतं आहे. हे घरी बसून सुटत नाही. डॉक्टर मूत्राशय हाताने दाबून रिकामं करायला शिकवतात. आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर चार वेळा केलं तेव्हा घरी करायची परवानगी मिळाली. व्हिडिओ बघून करू नका. पुढे मार्ग बंद असेल आणि तुम्ही दाबलंत तर मूत्राशय फुटू शकतं.

डागाला पांढरी पूड किंवा टूथपेस्टसारखा गाळ: हे आमचं. ससा आहारातलं कॅल्शियम गरजेपुरतं घेऊन थांबत नाही. आतडं बरंचसं शोषून घेतं आणि जास्तीचं लघवीतून टाकतं. त्यामुळे थोडी गढूळ लघवी सशाला नेहमीचीच. पण ससा हलत नसला की गाळ मूत्राशयाच्या तळाशी बसतो, जड होतो, टोचतो, आणि ससा थोडं थोडं गाळत राहतो. आमच्याकडे चूक ताटात होती. आजारी म्हणून सासूबाई त्याला प्रेमाने रोज तांबड्या भाजीची जुडी घालत होत्या आणि मी ताकदीसाठी लसूणघासाच्या गोळ्या. दोन्हींत कॅल्शियम भरपूर. ते बंद केलं, कोथिंबीर आणि दुधीच्या वेलाची पानं आलटून पालटून ठेवली, आणि पाणी वाढवलं. सशाला किलोमागे दिवसाला साधारण 50 ते 150 मिली पाणी लागतं. काजूला नळीच्या बाटलीपर्यंत मान नेणं जमत नव्हतं म्हणून तो कमी प्यायचा. जड मातीची पसरट वाटी तोंडाजवळ ठेवली आणि भाज्या धुतल्यावर न झटकता ओल्याच दिल्या. गाळ दोन आठवड्यांत निम्म्यावर आला. उरलेल्यासाठी डॉक्टरांनी सलाइन देऊन मूत्राशय धुतलं.

लघवी नारिंगी-लाल दिसली म्हणून मी एकदा रात्री रडले होते. वनस्पतींच्या रंगद्रव्यांनीही ती तशी होते. रक्त आहे का हे डॉक्टरांकडच्या तपासपट्टीवर दोन मिनिटांत कळतं. रंग बघून ठरवू नका.

डाग तपकिरी, चिकट, उग्र वासाचा, द्राक्षांच्या बारक्या घडासारख्या चकचकीत लेंड्या: ही जुलाबाची घाण नव्हे. ससा दिवसातून एक-दोनदा अशा मऊ लेंड्या टाकतो आणि थेट बुडाला तोंड लावून खातो. त्यात त्याची ब जीवनसत्त्वं आणि प्रथिनं असतात. काजूची मान तिथवर पोचत नाही, म्हणून त्या खाली चिरडून केसांना लागतात. आमच्याकडे त्या पहाटे पाचच्या सुमाराला पडतात. मी त्या उचलून त्याच्या तोंडापुढे धरते आणि तो मिटक्या मारत खातो. पाहुण्यांसमोर हे करू नये. त्या खूपच पडत असतील किंवा पातळ असतील तर गोळीचं खाणं आणि गोड फळं कमी करून गवत वाढवायचं. आहारातला मोठा हिस्सा गवताचाच हवा. पोदेराचा पाव, पोळी, बिस्किट काहीच नको.

गळ्याखाली आणि छातीवर ओल: पाण्याची वाटी. एवढंच. तिच्या काठाला छाती टेकणार नाही इतकी उंची ठेवा.

अंथरूण

सासूबाईंनी जुन्या लुगड्याची गोधडी दिली होती. मऊ, जाड, मायेची, आणि चूक. सुती गोधडी लघवी धरून ठेवते आणि ससा तीवरच बसून राहतो. वर फ्लीसचं (मऊ, लवदार कृत्रिम धाग्याचं) कापड आणि खाली शोषून घेणारा थर हवा. फ्लीसमधून ओल खाली उतरते आणि वरचा पृष्ठभाग जवळजवळ कोरडा राहतो. मात्र नवीन फ्लीस पाणी झटकून टाकतं, ते आधी गरम पाण्यात दोन-तीनदा धुवावं लागतं, आणि कपडे मऊ करणारं द्रव त्यात कधीच घालायचं नाही, नाहीतर ओल वरच राहते. खाली कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारे पॅड किंवा घडी घातलेला जुना टॉवेल. पॅडच्या कडा सशाच्या दातांपासून लपवा. भाताचा पेंढा त्याखाली चालेल, वर नको. टोचतो, आणि पावसात त्याला बुरशी धरते.

आमच्याकडे फ्लीसचे आठ तुकडे आहेत. दिवसाला तीन लागतात. ते वाळवणं म्हणजे बाळंतिणीच्या खोलीतली दुपटी वाळवण्यासारखं काम आहे. दिवाणखान्यात पंख्याखाली आडवी दोरी बांधली आहे आणि आलेल्या माणसाला वाकूनच आत यावं लागतं.

घरातल्या गुळगुळीत लाद्यांवर सतरंज्या टाका. काजू पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत स्वयंपाकघरात येतो, घसरला की हिरमुसतो आणि मग दिवसभर हलत नाही. हलला नाही की गाळ, गाळ झाला की ओल. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं, पोटाखालून टॉवेलची झोळी घेऊन त्याला चारी पायांवर उभा धरते. रात्री कूस बदलते. एकाच बाजूवर राहिला तर घोट्याला जखम होते, आणि ती भरायला महिने लागतात.

माश्या, आणि वाट बघायची नाही अशा गोष्टी

फणस-आंब्यांच्या अखेरीला, पाऊस लागता लागता, आमच्या अंगणात माश्यांचं राज्य असतं. ओल्या बुडावर माशी अंडी घालते. ती काही तासांत, फार तर दिवसाभरात फुटतात आणि अळ्या जिवंत कातडी खाऊ लागतात. हे ऐकून वाचणाऱ्याला कसंतरी होईल, पण पाय गेलेला ससा एका दिवसात याने जातो. म्हणून सकाळ-संध्याकाळ केस बाजूला सारून, बॅटरीच्या उजेडात, शेपटीखालीसुद्धा बघायचं. काजूचा कोपरा मच्छरदाणीत आहे. तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे केसांना चिकटलेले दिसले तर ती अंडी. अळी दिसली की त्याच तासाला डॉक्टर. कुत्र्याच्या पिसवांसाठीचे फिप्रोनिलचे थेंब सशाला कधीही लावू नका, त्याने ससे मरतात. तसंच घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन तोंडाने देऊ नका. सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू त्याने मरतात आणि विषार होतो.

दहा-बारा तासांत काही खाल्लं नाही किंवा लेंडी पडली नाही, मूत्राशय लिंबासारखं टणक लागतंय आणि थेंबही येत नाही, दात करकरा वाजवत कोपऱ्यात बसलाय, मान एकदम कलली: यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. गोव्यात सशांवर उपचार करणारे डॉक्टर मोजकेच, म्हणून आजार नसतानाच दोन-तीन ठिकाणी फोन करून "ससे बघता का, रात्री कोण असतं" हे विचारून ठेवा. आम्ही ते रात्री अकराला विचारायला सुरुवात केली होती. आणि भूल द्यायची असली तर सशाला उपाशी ठेवायचं नसतं, त्याला उलटी होतच नाही. कुत्र्या-मांजरांच्या सवयीने कुणी उपाशी आणायला सांगितलं तर नम्रपणे पुन्हा विचारा.

घरात कुणाचं केमो चालू असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर लघवीचे कपडे त्यांनी हाताळू नयेत. हा परजीवी अशा माणसांना लागू शकतो. बाकीच्यांनी हात धुवावेत, कपडे उकळत्या पाण्यात टाकावेत, फरशी ब्लीचच्या पातळ पाण्याने पुसून कोरडी झाल्यावरच ससा तिथे सोडावा.

सध्या

चवथीला बाजारात दूर्वांच्या जुड्या येतात. यंदा गणपतीसाठी एकवीस आणि काजूसाठी दोन जुड्या आणल्या, धुऊन, पंच्यात टिपून दिल्या. बूड सात आठवडे कोरडं आहे, मांडीवर नवे केस आलेत, थोडे पांढरट. रोजचं काम दीड तासाचं. पंच्यावर पूड दिसली की त्या आठवड्याचा पाला मी पुन्हा तपासते.

आता दिवाळी, आणि तिच्या आधीची नरकासुराची रात्र येते आहे. आमच्या वाड्यावरचा नरकासुराचा पुतळा पहाटेपर्यंत ढोल-फटाक्यांसकट नाचतो, आणि घाबरलेला ससा लाथ झाडतो, पाय लुळे असले तरी. त्या रात्री आतल्या खोलीत, खिडक्यांना गोधड्या लावून, मी त्याच्याशेजारी झोपणार आहे. सासूबाईंच्या गोधडीला अखेर योग्य काम मिळालं.